सूचक मिळतो, चिटणीस मिळत नाही

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आठ-दहा विषय असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल स्वीकारणे, हिशेबतपासनीस नेमणे, असे एकामागून एक विषय येतात आणि मंडळी 'मंजूर, मंजूर' म्हणत त्यांना वाटेला लावतात. चहापाण्याच्या साडेतीनशे रुपयांवर पाऊण तास खल करणारे एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतात, तेही तोवर रंगात आलेले असतात. पण 'पुढील वर्षासाठी पदाधिकाऱ्यांची निवड करणे' हा विषय पुकारला, की सभेचे रूप एकदम पालटते. कोणाला आपल्या चपलेचा अंगठा तपासावासा वाटतो, कोणी वर पाहून पंख्याची पाती मोजू लागतो, आणि दाराजवळ बसलेल्या दोघांना नेमका त्याच वेळी घरून फोन येतो. अध्यक्ष म्हणतात, "नावे सुचवा." कोणी बोलत नाही. अध्यक्ष पुन्हा म्हणतात, "मंडळी, नावे सुचवा." मग कोपऱ्यातून एक आवाज येतो, "मी यांचे नाव सुचवतो," आणि ज्यांचे नाव निघाले ते गृहस्थ विंचू चावल्यासारखे उठून उभे राहतात.

खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढणारी माणसे आपण रोज वर्तमानपत्रात पाहतो, तेव्हा वाचकांना वाटेल, की हा लेखक कोठल्या देशाची गोष्ट सांगतो आहे! पण त्या खुर्च्या वेगळ्या. त्यांच्या मागे मोटार असते, पुढे हार असतात. मी म्हणतो त्या खुर्चीच्या मागे एक गंजलेले लोखंडी कपाट असते आणि पुढे एक रबरी शिक्का, शाईची वाळलेली गादी व सभासदांच्या तक्रारींचे बाड असते. वाचनालय, व्यायामशाळा, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हाउसिंग सोसायटी, नाट्यसंस्थेची शाखा, कोठेही जा, तीच खुर्ची आणि तीच शांतता.

नकार देण्याच्या तऱ्हाही ठरलेल्या आहेत. एकाची प्रकृती बरी नसते. एकाची मुलगी दहावीला असते. ती पुढे बारावीला जाते, पदवीधर होते, तिचे लग्न होते, तरी वार्षिक सभेपुरती ती दहावीलाच राहते. एकाचे अक्षर वाईट असते. आणि सर्वांत मोठी जात 'मी बाहेरून मदत करीन' म्हणणाऱ्यांची. हे बाहेर म्हणजे नेमके किती बाहेर, याचा शोध अजून कोणाला लागलेला नाही.

हा केवळ आपल्याच लोकांचा स्वभाव आहे असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये नवा स्पीकर निवडला, की त्याचे दोन सहकारी त्याला दंडाला धरून खुर्चीकडे ओढत नेतात आणि तो नको नको असे नाटक करतो. एके काळी ते नाटक नव्हते. सभागृहाचे म्हणणे राजाच्या कानावर घालायचे काम स्पीकरकडे असे, आणि १३९४ ते १५३५ या काळात सात स्पीकरांची डोकी उडवली गेली. लंडन शहराने तर नाखुशीचाही धंदा केला. १७४८ मध्ये शहराने नियम केला, की शेरीफच्या पदासाठी उभे राहण्यास किंवा निवडून आल्यावर काम करण्यास जो नकार देईल त्याने शेकडो पौंड दंड भरावा. पद घ्यायचे तर राज्यमान्य चर्चचा विधी पाळलेला असावा लागे, आणि इतर पंथांच्या धर्मनिष्ठ व्यापाऱ्यांना ते मान्य नव्हते. त्यांना मुद्दाम निवडून द्यायचे, त्यांनी नाही म्हणायचे आणि दंड भरायचा! तो पैसा लॉर्ड मेयरच्या मॅन्शन हाऊस नावाच्या वाड्याच्या कामी लागला. अखेर १७६७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने हा प्रकार बंद पाडला. आमच्या वाचनालयाने हाच मार्ग धरला असता तर आज त्याची तीन मजली इमारत उभी असती.

तूर्त त्याला दोन खोल्या आणि एक पडवी आहे. मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, मंडईच्या मागच्या गल्लीत. पुस्तके चौदा हजारांवर, सभासद चारशेच्या आसपास आणि वार्षिक सभेला येणारे पंचवीस. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच माणसांनी त्याच जागी ती पुन्हा भरवायची, हा विधी आमच्याकडेही वर्षानुवर्षे चालत आला आहे. मी तेथे कार्यकारिणीचा एक साधा सभासद. आमचे चिटणीस पोस्टातल्या नोकरीत असताना १९९९ साली त्या पदावर आले. पुढे ते पोस्टातून निवृत्त झाले, पण चिटणीसपदातून काही निवृत्त झाले नाहीत. दर वर्षी ते उठून म्हणत, "यंदा मला मोकळे करा." की लगेच कोणीतरी म्हणे, "छे छे, साहेब, तुमच्यावाचून वाचनालय चालेल कसे?" आणि टाळ्या. टाळ्या थांबेपर्यंत फेरनिवड झालेली असे, तीही एकमताने. गुन्हेगाराला निदान शिक्षेची मुदत तरी सांगतात.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचाही लवकर परत आली, पण उजवा हात कामातून गेला. बँकेतले खाते चिटणीस आणि खजिनदार या दोघांच्या सहीने चालणारे. त्यांनी डाव्या हाताने सही गिरवून दोन चेक पाठवले. सही जुळत नाही म्हणून दोन्ही परत आले. बँकेची त्यात चूक नव्हती. नवा चिटणीस निवडा, ठराव आणा, नव्या सह्या चढवू, असे तेथल्या अधिकाऱ्यांनी नीट समजावून सांगितले.

म्हणजे स्थिती अशी झाली, की खात्यात पैसे होते आणि पगाराला पैसे नव्हते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे त्यांना सरकारी अनुदान मिळते. आमचा वर्ग ब. अनुदानाचा हप्ता खात्यात जमा होऊन पडलेला, आणि ज्यांच्यासाठी तो मुख्यतः येतो त्या ग्रंथपाल बाई व शिपाई यांच्या हातात छदाम नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला. बाई रोज सकाळी आठच्या ठोक्याला कुलूप उघडत होत्या. तिसऱ्या महिन्यात विजेचे बिल आले ते त्यांनी स्वतःच्या पर्समधून भरले आणि पावती फाईलला लावून तिच्यावर 'येणे' असे लिहून ठेवले. पेन्सिलीने. शाईने लिहिण्याइतकी खात्री त्यांनाही उरली नसावी.

सप्टेंबरात वार्षिक सभा भरली. चिटणीस अर्थातच नव्हते. त्या दिवशीची शांतता मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती, कारण टाळ्या वाजवायलाच कोणी समोर नव्हते. शेवटी एका चतुर सभासदाने सभेला न आलेल्या एका प्राध्यापकांचे नाव सुचवले, दुसऱ्याने घाईघाईने अनुमोदन दिले आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. रात्री नऊ वाजता व्हॉट्सअॅपवर प्राध्यापकांचा नकार आला, सोबत हात जोडल्याचे चित्र.

सभा चालवण्याच्या नियमांवर हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकन लष्करी इंजिनिअरचे १८७६ साली निघालेले पुस्तक आजही जगभर प्रमाण मानतात. त्याच्या जन्माची कथाही आपल्या विषयाला धरून आहे. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड गावी चर्चच्या एका सभेत या गृहस्थाला ध्यानीमनी नसताना अध्यक्षाच्या खुर्चीत बसवले, सभा हाताबाहेर गेली, आणि त्याने ठरवले की पुन्हा सभेला जाईन तर नियम शिकूनच. त्याच्या परंपरेत आमच्यासारख्या पेचाला उत्तरे आहेत. नाव सुचवलेच पाहिजे असे नाही. पात्र सभासदांपैकी कोणाचेही नाव मतपत्रिकेवर लिहिता येते. गैरहजर माणूसही निवडून येऊ शकतो, फक्त कळल्याबरोबर त्याने नकार दिला तर जागा भरली नाही असे समजून पुन्हा मत घ्यायचे. राजीनामा म्हणजे देखील निरोप नव्हे, ती मोकळे करण्याची विनंती असते आणि सभेने ती मान्य करावी लागते. शिवाय संस्थेच्या घटनेत पदाची मुदत लिहिताना 'नवे पदाधिकारी निवडले जाईपर्यंत' असे शब्द घालण्याची चाल आहे, म्हणजे जागा मोकळी पडत नाही.

आमच्याही घटनेत ते शब्द आहेत. 'पदाधिकारी एक वर्षासाठी, अथवा त्यांच्या जागी नवे निवडले जाईपर्यंत, काम पाहतील.' संस्था वाचावी म्हणून कोणा शहाण्याने ते घातले आणि संस्था वाचलीही. पण आमच्या चिटणिसांची तेवीस वर्षे त्या 'अथवा'च्या पलीकडे गेली. जो नवा माणूस ही खुर्ची पाहतो त्याला कपाट दिसत नाही, शिक्का दिसत नाही. त्याला तो 'अथवा' दिसतो. कामाला भिऊन लोक गप्प बसतात असे आपण म्हणतो. मला ते पटत नाही. हीच मंडळी गणपतीत दहा दिवस रात्रीचा दिवस करतात, कारण अकराव्या दिवशी मूर्ती पाण्यात जाते हे त्यांना ठाऊक असते.

त्या सभेत आणखी एक बोलणे झाले. एक वृद्ध सभासद उठून शांतपणे म्हणाले, "मग बंद करा. पुस्तके शाळेला देऊन टाका." आणि कोणीही हरकत घेतली नाही. बाई आतल्या खोलीत देवघेवीची वही लावीत होत्या, त्यांना ते ऐकू गेले असणार.

हाउसिंग सोसायटीत असा पेच पडला तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात तोड आहे. कमिटी उभी राहात नसेल तर निबंधक एखादा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. मग जे सभासद पाच मिनिटे द्यायला तयार नव्हते ते त्या परक्या अधिकाऱ्याच्या मेहनतान्याचा वाटा देत बसतात. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यातही अर्ज करून विश्वस्त नेमून घेण्याची वाट आहे. पण असा नेमलेला माणूस फार तर सही करील. कादंबरीतली फाडलेली पाने शोधायला तो सभासदाच्या घरी थोडाच जाणार!

शेवटी आम्ही तिघे चिटणिसांच्या घरी गेलो. मनात बेत एवढाच, की चिटणीस करतात काय, ते एकदा कागदावर उतरवून घ्यावे. ते खाटेवर बसून सांगत होते, मी लिहीत होतो. नोटिसा, इतिवृत्त, पत्रव्यवहार, अनुदानाचे कागद, बांधणीला द्यायची पुस्तके, पुस्तकविक्रेत्यांशी घासाघीस, गळका नळ, वाळवी, मांजर. बावीस कामांवर ते थांबले. तेव्हा वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणि शनिवारी रात्री किल्ली कपाटात गेली की नाही ते बघायला जाता, ते? आणि पावसात पडवीतली वर्तमानपत्रे आत घ्यायला?" वहिनींनी एकूण बारा कामे भरीला घातली. शेवटचे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले, "दिवाळी अंकांची पार्सले यायची, म्हणून एका दिवाळीला आम्ही गावाबाहेर गेलो नाही."

चौतीस कामे. त्यांतली खरोखर चिटणिसाची किती, म्हणून आम्ही खुणा करीत गेलो, तर नऊ निघाली. बाकीची पंचवीस त्यांना नुसती चिकटली होती, गोगलगाईला शंख चिकटतो तशी. मग आम्ही सभेला विचारणे सोडले आणि माणसांना विचारू लागलो. एका घरी, एका वेळी, एकच काम. 'वाचनालयासाठी काही करा' असे म्हटले तर कोणी करत नाही. 'नळ तुम्ही बघाल का?' असे विचारले तर माणूस आधी नळाबद्दल बोलू लागतो आणि मग हो म्हणतो. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर नळ, दिवे आणि वाळवी घेऊन मोकळे झाले. दिवाळी अंकांची यादी, वर्गणी आणि पाळ्या दोन गृहिणींनी घेतल्या. मांजर कोणी घेतले नाही.

नऊ कामांचा चिटणीस उरला. त्यासाठी आम्ही एका विमा कंपनीत हिशेबाचे काम करणाऱ्या ताईंकडे गेलो. वय चाळिशीच्या आतले, वाचनाची भूक मोठी, सभेला कधी आलेल्या नव्हत्या. मी यादी पुढे केली. त्यांनी ती उलटी ठेवली. म्हणाल्या, "काका, काम किती ते नंतर बघू. सुटका कधी, ते आधी सांगा."

त्यांना देण्याजोगे उत्तर घटनेतच नव्हते. मला तेव्हा उत्तिरमेरूर आठवले. तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या या गावी पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ. स. ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. गावाच्या समित्या, त्यांत बागेची एक आणि तळ्याची एक, कशा नेमायच्या ते त्यांत कोरले आहे. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात घालायची आणि लहान मुलाकडून काढवायची. वय पस्तीस ते सत्तर. मुदत तीनशे साठ दिवस. आणि मागच्या तीन वर्षांत जो समितीवर होता त्याचे नाव मडक्यात घालायचेच नाही. ही अट पदाला चिकटणाऱ्यांसाठी होती हे उघड आहे. पण तिची दुसरी बाजू पाहा: एकदा काम केले, की तीन वर्षे कोणी तुमच्या दाराशी येणार नाही याची दगडावर कोरलेली हमी!

आम्ही दगडावर नाही, कागदावर कोरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये विशेष सभा बोलावून घटनेत भर घातली. कोणत्याही पदावर ओळीने दोन वर्षे. त्यानंतर तीन वर्षे त्या पदासाठी नाव घ्यायचे नाही, सभेने एकमताने आग्रह केला तरी नाही. चिटणिसाबरोबर पहिल्या दिवसापासून एक सहचिटणीस, त्याने शेजारी बसून शिकायचे. टाळ्यांवर बंदी घालावी असेही मी सुचवले होते, ते हसण्यावारी गेले.

विरोध झाला तो त्याच वृद्ध सभासदांकडून, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. "तेवीस वर्षांत या माणसाला कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगता येऊ लागले. तुमचा दोन वर्षांचा चिटणीस काय सांगणार?" खरे आहे. ते ज्ञान गेलेच. चौतीस कामांची यादी भिंतीवर लावली म्हणून ते परत येत नाही. पण एकाच माणसाच्या उजव्या हातात साठवलेल्या ज्ञानाचे काय होते, तेही आम्ही त्याच वर्षी पाहिले होते.

ताई चिटणीस झाल्या. कॉलेजात शिकणारा एक मुलगा सहचिटणीस. पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयाला नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, तो ताईंनी अकराव्या दिवशी दिला. त्याची पोच, सभेचा ठराव आणि नव्या सह्या बँकेत गेल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंचा आणि शिपायाचा सारा तुंबलेला पगार निघाला. विजेच्या बिलाचे पैसेही निघाले. बाईंनी तो 'येणे' शब्द रबराने खोडला आणि त्यावर शाईने 'मिळाले' लिहून तारीख घातली.

जुने चिटणीस हळूहळू काठी टेकत येऊ लागले. चार वाजता यायचे, वाचन-टेबलाच्या टोकाला बसायचे. सुरुवातीला कोणी दारात आले की ते सवयीने अर्धे उठत, मग पुन्हा बसत. त्यांना त्याचे दुःख होते की आराम वाटत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधी सांगता आले नाही. २०२३ च्या दिवाळीत त्यांनी एक अंक मागितला. तेवीस वर्षे सगळे अंक त्यांच्या हातून गेले, पण आधी सभासद म्हणून त्यांनी ते वाचायला घेतले ते नेहमी शिमग्याच्या सुमारास, पाने सुटल्यावर. अंकांचे काम बघणाऱ्या बाईंनी यादी पाहून सांगितले, "तुमच्या आधी सात नंबर आहेत."

ते काही बोलले नाहीत. सूचना-तक्रारींची वही मागून घेतली, डाव्या हाताने, दोन ओळींना दहा मिनिटे लावून लिहिले, की लोकप्रिय अंकांच्या दोन-दोन प्रती घेण्यात याव्यात आणि सभासदांना ताटकळत ठेवण्यात येऊ नये. खाली तारीख घातली, सही केली आणि वर नाव घातले: मा. चिटणीस यांस.